लेक म्हणून वाचलेला मासा

सौराष्ट्रातल्या वेरावळ बंदरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जगातल्या सर्वांत मोठ्या माशाला ‘बॅरल’ म्हणत. हे नाव माशाच्या रूपावरून पडलं नव्हतं, त्याला मारण्याच्या पद्धतीवरून पडलं होतं. मार्च ते मे या महिन्यांत तो पाण्याच्या वरच्या थरात संथपणे फिरत असे. होडी पार त्याच्या अंगाला लागेपर्यंत जवळ नेता येई, कारण तो पळत नसे. मग एक जण मोठा लोखंडी हुक त्याच्या अंगात घुसवी. हुकाला दोर आणि दोराला रिकामी पिंपं बांधलेली. पिंपं तरंगत राहत, त्यामुळे माशाला खोल बुडी मारता येत नसे. ओढाताण करून तो दमला की होडीमागे बांधून किनाऱ्याला आणत. कित्येक टनांचं ते धूड वाळूवर आलं की सुऱ्या चालू होत, आणि कधीकधी मासा तेव्हाही पुरता मेलेला नसे.

हा मासा म्हणजे व्हेल शार्क. नावात व्हेल असला तरी देवमाशाशी त्याचं काही नातं नाही. तो मुशी आहे, म्हणजे आपल्या बाजारात पाटीत पडलेल्या हातभर मुशीचा फार मोठा भाऊबंद. देवमासा सस्तन प्राणी; त्याला श्वासासाठी वर यावं लागतं आणि त्याची शेपटी आडवी, वरखाली हलणारी. व्हेल शार्क कल्ल्यांनी श्वास घेतो आणि त्याची शेपटी उभी, डावी-उजवीकडे हलणारी. किनाऱ्यावर काही वाहून आलं की बातम्यांमध्ये अजूनही या दोघांची सर्रास सरमिसळ होते. शेपटी कशी आहे एवढं पाहिलं तरी निम्मा घोळ मिटेल.

पूर्वी सौराष्ट्रात त्याला मारत ते यकृतासाठी. मुशीचं यकृत तेलाने भरलेलं असतं आणि एवढ्या मोठ्या माशाचं यकृत म्हणजे तेलाचा साठाच. हे तेल लाकडी होड्यांना बाहेरून चोळत, म्हणजे पाणी मुरत नसे. तेल काढून घेतलं की बाकीचा मासा बहुधा समुद्रात टाकून देत. तेव्हाची शिकार थोडी होती, गावापुरती होती. नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. तैवानमध्ये या माशाचं पांढरं, मऊ मांस ‘टोफू शार्क’ म्हणून आवडीने खाल्लं जाई. तिथल्या बाजारापर्यंत गोठवलेलं मांस पोहोचवता येतं हे कळलं आणि टाकून द्यायच्या गोष्टीला भाव आला. परांनाही मागणी होती. फिलिपाइन्सने १९९८ मध्ये आपल्याकडे व्हेल शार्क मारायला बंदी घातली, तेव्हा खरेदीदारांची नजर इतरत्र वळणं साहजिक होतं. गुजरातच्या किनाऱ्यावर एकेका हंगामात शेकड्यांनी मासे कापले जाऊ लागले. देशात त्याविरुद्ध कायदा नव्हता, त्यामुळे त्यात बेकायदा असं काहीच नव्हतं. वेरावळचा मच्छीमार कर्ज काढून होडी घेत होता आणि समोर आलेला मासा मारत होता. पुढे जे घडलं ते समजून घ्यायचं तर त्याला आधीच खलनायक ठरवून चालणार नाही.

आता थोडं या माशाबद्दल. त्याची शास्त्रीय ओळख १८२८ मध्ये झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या टेबल बेमध्ये मारल्या गेलेल्या साधारण साडेचार मीटर लांबीच्या नमुन्यावरून अँड्र्यू स्मिथ यांनी त्याचं वर्णन केलं. खरं तर तो नमुना लहानच म्हणायचा. पूर्ण वाढलेला व्हेल शार्क दहा-बारा मीटर सहज भरतो आणि अठरा मीटरांच्या आसपास लांबीच्या माशांच्याही नोंदी आहेत. तोंड जवळजवळ दीड मीटर रुंद. जबड्यात तीन हजारांहून अधिक दात असतात, पण काडीच्या टोकाएवढे बारीक आणि जवळपास निरुपयोगी. तो चावून खात नाही. तोंड उघडून पाणी आत घेतो, कल्ल्यांपाशी असलेल्या गाळणीतून ते बाहेर सोडतो आणि मागे राहिलेले सूक्ष्म जीव, माशांची अंडी, जवळा, बारीक मासोळी गिळतो. कधी पोहता पोहता खातो, तर कधी एकाच जागी उभा, म्हणजे अक्षरशः शेपटी खाली आणि तोंड वर करून, पाणी शोषत राहतो.

मग असा प्राणी सौराष्ट्रापाशीच का गोळा होतो? उत्तर अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात मिळतं. उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या, गार वाऱ्यांनी पृष्ठभागाचं पाणी थंड होतं, जड होतं आणि खाली जातं. त्याच्या घुसळणीत खालच्या थरातली पोषक द्रव्यं वर येतात. त्यावर वनस्पती-प्लवंग फोफावतात, त्यांच्यावर प्राणी-प्लवंग आणि त्यांच्यावर छोटी मासळी. गुजरातपाशी समुद्रबूड जमीन दूरवर उथळ पसरलेली असल्याने हे सगळं किनाऱ्याच्या आवाक्यात घडतं. मासेमारी जिथे भरपूर तिथेच व्हेल शार्क भरपूर, यात योगायोग काही नाही. दोघेही एकाच ताटावर बसलेले असतात. व्हेल शार्क बुडी मारतो तीही थोडीथोडकी नाही, दीड किलोमीटरहून खोल गेल्याच्या नोंदी आहेत. तिथल्या गार अंधारातून वर आल्यावर उबदार पृष्ठभागाजवळ रेंगाळणं त्याच्या शरीराची गरज असावी असं अभ्यासकांना वाटतं. हुकवाल्या होडीला तो सापडायचा तोही याच वेळी.

त्याच्या वयाचा हिशोब मात्र अलीकडेच लागला, आणि तो लावायला मदत झाली अणुबॉम्बची. शार्कच्या मणक्यात झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, पण एक वलय म्हणजे एक वर्ष की सहा महिने यावर वाद होता. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिका, सोव्हिएत रशिया वगैरे देशांनी उघड्यावर केलेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातलं कार्बन-१४ एकदम वाढलं. ते समुद्रात उतरलं, अन्नसाखळीतून प्राण्यांच्या शरीरात गेलं आणि त्या काळात तयार झालेल्या वलयांत बंदिस्त झालं. पाकिस्तान आणि तैवानमधल्या मेलेल्या व्हेल शार्कचे मणके जपून ठेवलेले होते. त्यांतलं कार्बन मोजून २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की वलय वर्षाला एकच पडतं. पाकिस्तानातली सुमारे दहा मीटरची एक मादी मरताना पन्नास वर्षांची निघाली. प्रजननाचं वय यायलाच पंचवीस-तीस वर्षं लागतात असा अंदाज आहे. आता हे वेरावळच्या वाळूला लावून पाहा. १९९९ मध्ये कापलेली एखादी मोठी मादी १९५० च्या आसपास जन्मलेली असू शकते. तिची जागा भरून निघायला पुढचं पाव शतक लागणार. बांगड्या-तारल्यांची संख्या दोन चांगल्या पावसाळ्यांत सावरू शकते. इथे तसला हिशोब चालत नाही.

पिल्लांची गोष्टही अशीच उशिरा कळली. १९९५ मध्ये तैवानमध्ये पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे भ्रूण सापडले, वेगवेगळ्या वाढीचे. काही अजून अंड्याच्या वेष्टनात, काही बाहेर पडण्याच्या बेताचे, अर्ध्या मीटरहून थोडे मोठे. तेव्हा सिद्ध झालं की हा मासा अंडी घालत नाही, अंडी पोटातच फुटतात आणि पिल्लं जन्माला येतात. समुद्रात व्हेल शार्कला पिल्लं होताना आजवर कोणीही पाहिलेलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गुजरातच्या किनाऱ्यावरच्या कत्तलीला वाचा फोडली माईक पांडे या चित्रपटकाराने. ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा त्यांचा माहितीपट २००० मध्ये आला. त्यात हुक, पिंपं, लाल झालेलं पाणी, वाळूवर तडफडणारा मासा, सगळं होतं. ब्रिस्टलच्या वाइल्डस्क्रीन महोत्सवात त्याला पांडा पुरस्कार मिळाला, ज्याला हौसेने ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणतात. पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट अशी की दिल्लीत तो पाहिला गेला आणि मनावर घेतला गेला. मे २००१ मध्ये व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. त्या कायद्याने संरक्षण मिळालेला हा पहिला मासा. जे संरक्षण वाघाला तेच याला, आणि मारणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद. पुढच्याच वर्षी भारत आणि फिलिपाइन्सने मिळून मांडलेल्या प्रस्तावामुळे या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे : चित्रपट आला, कायदा झाला, मासा वाचला. पुष्कळ लेख इथेच थांबतात आणि तिथेच चुकतात. किनाऱ्यापासून वीस-पंचवीस मैलांवर पहाटे तीन वाजता जाळ्यात काय सापडलं आणि त्याचं काय केलं हे पाहायला कुठला वनरक्षक हजर असतो? वन विभागाकडे जंगलात फिरायच्या जीपगाड्या होत्या, समुद्रात जायच्या होड्या नव्हत्या. शिवाय २००१ च्या जुलैमध्ये केंद्राने एका फटक्यात सगळ्याच मुशी आणि पाकट यांना पहिल्या अनुसूचीत टाकलं. मुशी आणि पाकट हे हजारो कुटुंबांचं रोजचं अन्न आणि उत्पन्न. किनाऱ्यावर संताप उसळला आणि डिसेंबरात सरकारला यादी मोजक्या जातींवर आणावी लागली. अशा वातावरणात ‘हा मासा मारू नका, तुरुंगात जाल’ हा निरोप घेऊन बंदरावर जाणाऱ्याचं स्वागत कसं झालं असतं ते सांगायला नको.

असा अनुभव आपल्याकडेही आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरांचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या प्रवाळ आणि खडकाळ समुद्राचं. जागेची निवड शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य. पण ज्यांचं रोजचं जाळं त्याच पाण्यात पडतं त्या मच्छीमारांना ते वरून लादलेलं वाटलं आणि त्यांचा विरोध दशकानुदशकं टिकला. कागदावर अभयारण्य आहे. मच्छीमारांच्या मनात ते अजून उतरलेलं नाही. मला मालवणच्या लोकांचं इथे काही चुकलंय असं वाटत नाही. ज्याच्या ताटातला घास काढून घ्यायचा त्याच्याशी आधी बोलायचं असतं, एवढी साधी गोष्ट तेव्हा झाली नाही.

गुजरातमध्ये ती झाली, आणि ज्या रीतीने झाली ती मुद्दाम अभ्यासण्यासारखी आहे. २००४ च्या सुरुवातीला वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वन विभाग आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम उघडली. माणसाच्या कितीतरी पट मोठा, हवा भरलेला व्हेल शार्क बनवला आणि तो गावोगाव फिरवला. शाळांची पोरं त्याच्या पोटाशी उभी राहून फोटो काढू लागली. ज्यांनी आयुष्यभर हा मासा कापलेला पाहिला होता किंवा ज्यांनी तो कधीच पाहिला नव्हता, अशा दोघांनाही तो अख्खा आणि खऱ्या मापात दिसला. तरीही फुगा पाहून कोणी अडकलेल्या माशासाठी आपलं जाळं कापत नाही. मोहिमेला खरी धार आली ती मोरारीबापूंमुळे.

मोरारीबापू रामकथाकार, मूळचे भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याजवळच्या तलगाजरड्याचे, म्हणजे याच किनाऱ्याचे. सौराष्ट्रात त्यांच्या कथेला लोटणारी गर्दी आणि त्यांच्या शब्दाचं वजन दोन्ही मोठं. त्यांनी व्हेल शार्कची गोष्ट अशी मांडली की ही लांबवर गेलेली लेक आहे आणि बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. दारी आलेल्या गरोदर लेकीला कोणी मारतं का? माशाला नाव मिळालं ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. गावोगाव याच कल्पनेवरची पथनाट्यं झाली. बॅरल म्हणणाऱ्या बंदरांवर हळूहळू व्हाली हे नाव रुळलं. पोरबंदरने तिला आपल्या शहराचं मानचिन्ह केलं आणि किनाऱ्यावरच्या इतर शहरांनीही तिचा मान केला. कार्तिक अमावास्येला गुजरातेत व्हेल शार्क दिन साजरा होऊ लागला, म्हणजे तारीखही लोकांच्या पंचांगातली.

हे इतकं का लागू पडलं? एकतर पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत गुजरातेत जितकी घट्ट तितकीच आपल्याकडेही. ती मच्छीमाराच्या घरात, त्याच्या बायकोच्या आणि मुलीच्या आयुष्यात घडलेली असते. ‘संकटग्रस्त प्रजाती’, ‘जैवविविधता’, ‘अन्नसाखळी’ हे शब्द कार्यशाळेतल्या फलकावर राहतात; लेक मात्र घरात असते. दुसरं असं की बापूंच्या बोलण्यात मच्छीमार आरोपी नव्हता, बाप होता. बापाची भूमिका दिली की माणूस ती निभावायचा प्रयत्न करतो. आणि तिसरं, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं : या बोलण्यात एक मर्यादा पाळलेली होती. सगळ्या माशांना सोडा असं कोणी म्हणत नव्हतं. एकच मासा सोडायचा, आणि बाकीचा धंदा तुमचा तुम्ही करा. २००१ च्या त्या सरसकट बंदीने जे गमावलं होतं ते या मर्यादेने परत मिळवलं.

आता तो मागचा मुद्दा. व्हेल शार्क खरंच सौराष्ट्रात बाळंत होते का? शास्त्राचं उत्तर अजून पक्कं नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर जाळ्यात अगदी लहान पिल्लं सापडल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे जवळपास कुठेतरी पिल्लं होत असावीत या तर्काला आधार आहे. पण जन्म होताना कोणी पाहिलेला नाही, आणि जगात बहुतेक ठिकाणी व्हेल शार्कचा जमाव अन्नासाठी होतो. म्हणजे मोहिमेची उपमा विज्ञानाच्या दोन पावलं पुढे धावत होती. काही शुद्धिवादी जीवशास्त्रज्ञांना याचा त्रास होतो. मला होत नाही, पण एक अट घालावीशी वाटते : उपमा लोकांना सांगा, मात्र संशोधनाचा पैसा ती खरी धरून खर्च करू नका. सुदैवाने तसं झालं नाही. २०११ पासून गुजरातमध्ये काही माशांना उपग्रह-टॅग लावले गेले. त्यांतली एक मादी अरबी समुद्र ओलांडून सोमालियाच्या पाण्यापर्यंत गेली. लेक सासरी कुठे जाते याचा पत्ता निदान थोडा लागला.

भावनेने जाळं कापायचा निर्णय होतो, पण कापलेलं जाळं भावनेने सांधलं जात नाही. मोठ्या गिलनेटची किंमत लाखांत जाते. त्यात अडकलेला कित्येक टनांचा मासा सोडवायचा तर जाळ्याचा मोठा भाग वाया जातो, त्या दिवसाची मासळी जाते, डिझेलचा खर्च अंगावर येतो. म्हणून गुजरात वन विभागाने नुकसानभरपाई सुरू केली, २५,००० रुपयांपर्यंत. रक्कम पुरेशी आहे असं कोणताही मच्छीमार म्हणणार नाही. तरी सरकार आपल्या नुकसानीची दखल घेतं ही गोष्ट रकमेहून मोठी ठरली.

त्यातही एक अडचण होती आणि ती अगदी सरकारी थाटाची होती. भरपाई मिळायची तर घटना खरी असल्याचं वनकर्मचाऱ्याने पाहायला हवं. मग मच्छीमार बंदराला कळवणार, तिथून कर्मचारी होडीने येणार, आणि तोवर मासा जाळ्यात गुरफटून पडलेला. मुशीला बहुधा श्वास चालू ठेवायला पाणी कल्ल्यांतून वाहतं राहावं लागतं. अडकून पडलेला मासा गुदमरत जातो. पंचनामा पूर्ण, मासा संपलेला. यावर तोडगा निघाला तो साधा : मच्छीमारांना कॅमेरे दिले. अडकलेल्या माशाचा आणि त्याला सोडवतानाचा फोटो त्यांनीच काढायचा, तो पुरावा धरायचा आणि भरपाई द्यायची. माशाची सुटका तासांवरून मिनिटांवर आली. लोकांवर विश्वास ठेवणं हा या मोहिमेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक खर्च होता असं मी म्हणेन. २००४ पासून गुजरातच्या मच्छीमारांनी सोडवलेल्या व्हेल शार्कची संख्या नऊशेच्या वर गेली आहे. ज्यांच्या होड्यांत हुक आणि पिंपं असत त्याच बंदरांवरचे हे लोक.

महाराष्ट्राने यातला उपयोगी भाग उचलला. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने योजना आणली की जाळ्यात सापडलेला संरक्षित सागरी प्राणी जाळं कापून सोडला आणि त्याचे फोटो किंवा व्हिडिओ दिले, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती राबवतात. व्हेल शार्क, कासवं, डॉल्फिन, पोरपॉइज हे सगळे त्यात येतात. आपल्याकडे सर्वाधिक सुटका कासवांची झाली, विशेषतः ऑलिव्ह रिडले जातीच्या. मोबाइल प्रत्येकाच्या हाती असल्याने कॅमेरे वाटायचीही गरज उरली नाही. तरी गुजरातचा दुसरा निम्मा भाग, तो व्हालीचा, आपण उचललेला नाही. कोकणात कीर्तनकार आहेत, दशावतार आहे, नमन-खेळे आहेत, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणारे कोळीवाडे आहेत. यांच्यापैकी कोणाच्याही तोंडी एखादी मुशी कधी लेक झालेली नाही.

अर्थात कासवांसाठी कोकणाने आपला रस्ता काढला आणि तो गुजरातची नक्कल नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. तोवर अंडी काढून खाण्याची किंवा विकण्याची रीत होती. पुढे पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला बाहेरचे लोक येऊ लागले, कासव महोत्सव भरू लागला, गावातल्या घरांतून राहण्या-जेवणाची सोय होऊ लागली. उकडीच्या मोदकांच्या जेवणाचे पैसे थेट गावच्या बाईच्या हाती पडू लागले. वेळासने भावना आणि पैसा एकाच धाग्यात ओवले. फिलिपाइन्समधल्या डोन्सोल या गावानेही व्हेल शार्कच्या बाबतीत हेच केलं; १९९८ पासून तिथे पर्यटक मासा पाहायला येतात आणि स्थानिक लोक वाटाडे होतात. सौराष्ट्रात ते सोपं नाही, पाणी गढूळ, मासा किनाऱ्यापासून लांब. प्रत्येक किनाऱ्याला आपापलं गणित मांडावं लागतं.

या सगळ्या यशाची एक उलटी बाजू आहे आणि ती सांगायला हवी. व्हेल शार्क देखणा आहे. अंगभर पांढरे ठिपके, आणि तेही प्रत्येकाचे वेगळे, इतके वेगळे की आकाशातले तारे जुळवायला खगोलशास्त्रज्ञांनी बनवलेली संगणकीय रीत २००५ मध्ये या ठिपक्यांवरून एकेक मासा ओळखायला वापरली गेली. तो निरुपद्रवी आहे, प्रचंड आहे, फोटोत छान येतो. त्याच्याच सोबत २००१ च्या यादीत करवत मासे आले होते. लांब चपटी, दोन्ही कडांना दात असलेली सोंड हे त्यांचं वैशिष्ट्य आणि तेच त्यांचं मरण. कुठल्याही जाळ्यात ती सोंड अडकतेच. एके काळी आपल्या खाड्यांत आणि नदीमुखांत आढळणारे हे मासे आज इतके विरळ झाले आहेत की एखादा सापडला तर त्याची बातमी होते. कायदा दोघांना सारखाच लाभला. करवत माशाला ना माहितीपट मिळाला, ना कथाकार, ना मानचिन्ह. जनजागृतीचा प्रकाश असा एकाच माशावर पडतो आणि बाजूला उभा असलेला अंधारात राहतो. संस्था आणि देणगीदार यांनी हे ओळखून पुढची गोष्ट कुरूप माशाची सांगायला हवी. अवघड आहे, पण व्हाली तरी आधी कुठे सुंदर होती? ती पिंप होती.

व्हालीचेही प्रश्न संपलेले नाहीत. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या माशाला ‘संकटग्रस्त’ गटात टाकलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगभरच्या टॅगच्या अभ्यासातून दिसलं की या माशाचा वावर आणि मोठ्या जहाजांचे मार्ग फार मोठ्या प्रमाणावर एकमेकांवर येतात. जहाजाची धडक बसलेला व्हेल शार्क बहुधा बुडतो, तरंगत नाही, म्हणून असे मृत्यू मोजलेच जात नाहीत. कांडला, मुंद्रा, जवाहरलाल नेहरू बंदर यांच्याकडे येणारी जहाजं याच समुद्रातून जातात. मच्छीमाराला लेकीची गोष्ट सांगता आली. मालवाहू कंपनीला ती सांगून उपयोग नाही, तिथे वेगमर्यादेचा नियमच लागेल. पाणी गाळून खाणाऱ्या माशाच्या पोटात प्लास्टिकचे बारीक तुकडे जाणार हेही उघड आहे, आणि ते प्लास्टिक बंदरावरच्यापेक्षा शहरांतल्या नाल्यांमधून जास्त येतं.

म्हणून शेवटचं बोलणं बंदरावरच्या माणसाशी नाही, सुट्टीला कोकणात जाणाऱ्यांशी आहे. किनाऱ्यावर मोठा मासा, कासव किंवा डॉल्फिन अडकलेला दिसला तर त्याच्यावर बसून किंवा त्याला मिठी मारून फोटो काढू नका. मुशी जिवंत असेल तर शेपटीला दोर बांधून उलटी ओढू नका, त्याने कल्ल्यांना इजा होते. कल्ल्यांवर पाणी टाकत राहा आणि गर्दी लांब ठेवा. कासव जखमी किंवा दमलेलं असेल तर त्याला लाटेत ढकलू नका, सावलीत ठेवा. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या कोळीवाड्यातल्या कोणालातरी बोलावून आणा. बहुतेक वेळा नेमकं काय करायचं ते त्यालाच सर्वांत आधी कळलेलं असतं.